छताची कच्ची बाजू

जबाब देणारी: होड्यांची कापडी छते शिवणारी; धक्क्यावर सगळे छतवाल्या ताई म्हणतात. वय एकसष्ट. शिक्षण सिस्टरांच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत. यजमान हयात नाहीत. राहणार धक्क्यामागच्या गल्लीत, जुन्या शिडांच्या कारखान्याचा वरचा मजला.

मी आज आपणहून ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको असे तिघे राहत होतो. भाऊ फेरीच्या होडीवर तांडेल होता, म्हणजे होडी तोच चालवायचा. ही होडी आमच्या धक्क्यावरून समोरच्या किनाऱ्यावर माणसे नेते-आणते. गेल्या आठवड्यात दुपारच्या फेरीला ती खाडीच्या मुखाशी उलटली. त्यात माझ्या भावासह सहा माणसे गेली.

माझ्या भावजयीने या ठाण्यात फिर्याद दिली आहे. होडीवरच्या खलाशाने छताचे दोर नको इतके घट्ट बांधले, म्हणून छत सुटले नाही आणि माणसे आत अडकली, असे तिचे म्हणणे आहे. त्या खलाशाचा आवाज मोठा आहे म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो तेव्हापासून इथे कोठडीत आहे. मला सांगायचे आहे ते त्याच्याबद्दल. भोंग्याने गाठी बरोबर बांधल्या होत्या. हे मला कशावरून माहीत, ते सांगण्यासाठी आधी छत कसे शिवतात ते सांगावे लागेल. हवालदार म्हणाले, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगते.

छत म्हणजे होडीवरच्या लोखंडी कमानींवर ताणून बसवलेले जाड कापड. त्याच्या दोन्ही लांब कडांना रुंद पट्टा असतो. पट्ट्याला पितळी कड्या असतात. कड्यांतून दोर ओवून तो होडीच्या काठाला बांधतात. पाऊस आडवा येऊ लागला की बाजूचे पडदे खाली सोडतात, तेही त्याच दोराने काठाला जखडतात. माणसे आत कोरडी बसतात. पण अशी बंद होडी वाऱ्याच्या झोतात सापडली तर छत फुगते आणि शिडाचे काम करू लागते. शीड उतरवता येते. छत उतरवायला वेळ मिळत नाही. होडी आडवी होते.

म्हणून आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक छताची एक लांब बाजू कच्ची ठेवतात. त्या बाजूला कापड आणि पट्टा मशीनवर जोडत नाहीत. साध्या सुती दोऱ्याने, हाताने, लांब लांब टाके घालून जोडतात. रोजच्या वाऱ्याला ते टाके पुरतात. मोठा झोत आला की उसवतात. पट्टा, कड्या, दोर आणि गाठी जागच्या जागी राहतात; कापड आणि पडदे तेवढे सुटून वर उडतात. वारा निघून जातो. लोक भिजतात आणि छतवाल्याला शिव्या देतात. होडी उभी राहते. 'गाठ पक्की, शिवण कच्ची' असे धक्क्यावरचे जुने तांडेल आपसात म्हणतात. गाठ ढिली बांधली तर छत अर्धवट सुटते, दोर पाण्यात लोंबतो आणि इंजिनाच्या पंख्यात अडकतो. त्यामुळे खलाशाने गाठ घट्टच बांधायची असते. भोंग्याने तेच केले.

ही रीत माझ्या वडिलांची. ते शिडे शिवत. आमचा वरचा मजला म्हणजे तेव्हा एकच लांब खोली होती, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाकडी जमीन. शीड अंथरलेले असताना चपला घालून कोणी आत यायचे नाही. वडील स्वतः पायमोजे घालून हिंडत आणि खडूने रेघा मारत. शाळेतून आल्यावर मी दप्तर जिन्यात ठेवून त्यांच्या मागे गुडघ्यांवर सरकत असे. शाळेत शिवणाच्या सिस्टर एक टाका जरी लहानमोठा पडला तरी सगळी ओळ उसवायला लावत. घरी वडील मला मुद्दाम कच्चे टाके घालायला शिकवत. दुसरे जास्त अवघड होते. कधी सुटायचे आणि कधी नाही, हे त्या टाक्याला कळले पाहिजे, असे ते म्हणत. "वाऱ्याला घरात घेतलंस ना, मग त्याला जायला दार ठेव."

हवालदार म्हणाले, वडिलांचे राहू द्या. राहू दिले.

कच्च्या बाजूबद्दल गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. पैसे मोजून मुद्दाम कच्चे शिवलेले छत कोण घेईल? माहीत असते ते फक्त शिवणाऱ्याला, तांडेलाला आणि फार तर त्याच्या खलाशाला. छत ताब्यात देताना शिवणाऱ्याने तांडेलाचा हात धरायचा आणि त्या बाजूवर ठेवायचा. बोलायचे काही नाही. ती शिवण कोणी ओढून बघत नाही, कारण ओढून बघितली तर ती उसवते.

माझा भाऊ फार उशिरा लग्नाला उभा राहिला. भोंगा तेव्हा भर धक्क्यावर म्हणाला होता, "तांडेल, इतकी वर्षं नांगर हातात घेऊन हिंडलात. आता टाकलात तर तळाला लागेल का?" भाऊ म्हणाला होता, "अरे, जागा बघत होतो." भावजय आतल्या शहरातली. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात ती मशीनवर बसत असे. हात अतिशय साफ. तिच्या शिवणीची उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, हे मलाही पटकन ओळखता येत नसे. ती आल्यावर मशीनचे सगळे काम तिने घेतले आणि हाताचे माझ्याकडे राहिले. ती मला वन्सं म्हणते. माझ्याआधी कधी जेवायला बसली नाही.

साहेबांनी विचारले की, कच्ची बाजू कशासाठी असते हे तिला कोणी सांगितले होते का. मी सांगितले नव्हते. भावाने सांगितले असेल असे मी धरून चालले होते. तोही तसेच धरून चालला असेल. घरात जे सगळ्यांना माहीत असते, ते कोणी कोणाला सांगत नाही.

यंदा हंगामाआधी फेरीच्या होडीचे छत दुरुस्तीला घरी आले. त्याच सुमारास माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सुईला हात लावायचा नाही असे बजावले होते. भावजयीने सगळे छत एकटीने करायला घेतले. कच्ची बाजू मी गेल्या वर्षी नवी घातली होती आणि ती आणखी एक हंगाम चालण्यासारखी होती. मी पट्टी बांधून आतल्या खोलीत पडले होते. तिथूनच तिला म्हणाले, "त्या बाजूला काही करायचं नाही गं. ती मी केलेली आहे." ती म्हणाली, "बरं, वन्सं." मी तिला एवढेच म्हणाले. कारण सांगितले नाही.

दोन दिवस मशीनचा आवाज मला ऐकू येत होता. मशीन कोणत्या बाजूवर चालू आहे, ते आवाजावरून कळत नाही.

छत तयार झाल्यावर भाऊ आणि भोंगा ते खांद्यावर घेऊन गेले. मी जिन्याशी उभी होते. भाऊ म्हणाला, "ताई, यंदा हात धरायला नाही आलीस." मी म्हणाले, "तुला काय नवीन आहे? जा." भोंगा म्हणाला, "मी धरू का तांडेल तुमचा हात?" भावाने त्याला लाथ दाखवली आणि दोघे हसत खाली उतरले. भावजय मागून ओरडली, "जपून न्या, जिन्याच्या खिळ्याला लागेल."

घटनेच्या दिवशी मी होडीवर नव्हते. पुढचे मला भाजीवाल्या बाईने सांगितले. ती वाचलेल्यांपैकी आहे आणि तिचा जबाब या ठाण्यात आधीच झाला आहे. ती म्हणाली की, पाऊस आडवा आल्यामुळे पडदे सोडलेले होते. मुखाशी वारा एकदम फिरला. छत फुगले, होडी एका कुशीवर गेली आणि पाणी आत आले. आत अंधार झाला. मग तांडेल आत आला.

इथे मला एक गोष्ट नमूद करायची आहे. सुकाणू होडीच्या मागच्या टोकाला असते आणि तांडेल छताच्या बाहेर उभा असतो. होडी कलंडली तेव्हा माझा भाऊ बाहेर होता. त्याला पोहता येत होते.

भाजीवाली म्हणाली की, तांडेल ओरडत होता, "इकडे या. सगळे माझ्याकडे या. ही बाजू सुटते." काही माणसे त्याच्याकडे गेली. तीही निघाली होती, पण तिची टोपली आडवी आली. तिला टोपली सोडवत नव्हती, म्हणून ती मागेच राहिली आणि छताच्या मागच्या उघड्या तोंडातून बाहेर फेकली गेली. भोंग्याने तिला केसांना धरून पाण्यावर ठेवले. आणखी तिघांना त्यानेच धरले. ती चौघेही मागच्या तोंडातून निघाली. जी माणसे माझ्या भावाकडे गेली, ती गेली.

साहेबांनी विचारले, "'ही बाजू सुटते' याचा अर्थ काय? भाजीवालीच्या जबाबात ते आहे, पण आम्हाला उलगडा झाला नाही." त्याचा अर्थ मी वर सांगितला आहे. ती बाजू सुटायला हवी होती. भावाला ती कोणती, ते माहीत होते. सहाही जण त्याच बाजूला मिळाले. भावाच्या हातांबद्दल डॉक्टरांच्या कागदात लिहिले आहे. ते मी इथे पुन्हा सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी ओढून धक्क्याला आणली. छत कमानींसकट बाजूला काढून ठेवले होते. मी आणि भावजय तिथे गेलो. डोळ्याला पाणी येत होते, म्हणून मी कड बोटांनी चाचपून पाहिली. वरून माझे सुती टाके होते तसेच होते. पट्ट्याच्या आत बोट घातल्यावर मशीनची शिवण लागली. तिहेरी होती, नायलॉनच्या दोऱ्याची. गणवेशाच्या खिशाला कोपऱ्यावर मजबुतीसाठी बारीक त्रिकोण मारतात. तसा त्रिकोण वीत-वीतभर अंतरावर मारलेला होता. असा त्रिकोण आमच्या कारखान्यात आधी कोणी मारलेला नाही. ती शिवण माझ्या भावजयीने मारली आहे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. त्याच वेळी ती माझ्या शेजारी बसली आणि तिनेही कडेवरून हात फिरवला. ती म्हणाली, "वन्सं, एवढं सगळं गेलं, पण शिवण बघा. एक टाका निघाला नाही." मग म्हणाली, "तुम्हाला सांगणार नव्हते. तुमचे टाके फार लांब लांब पडले होते. डोळ्यांमुळे. धक्क्यावर कोणी तुम्हाला हसायला नको, म्हणून तुमचा दोरा तसाच ठेवून आतून मशीन मारली. ह्यांनाही बोलले नाही. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

मी तिला हो म्हणाले. आम्हाला आमचा माणूस ताब्यात घेऊन घरी जायचे होते.

साहेबांनी विचारले की, मग फिर्याद कशी झाली. घरी दुखवट्याला बसायला आलेल्यांपैकी कोणी तरी तिला म्हणाले की, गाठी घट्ट होत्या. तिला ते पटले, कारण छत सुटले नाही हे तिने डोळ्यांनी पाहिले होते आणि शिवण तर चांगली होती. मग राहिल्या गाठी. ती उठून ठाण्यात आली. मी तिला अडवले नाही. त्या दिवशी तिने पहिल्यांदा पाणी मागितले होते. रोज सकाळी उठल्यावर ती भोंग्याला शिव्या देते आणि मग मशीनवर बसते. काम नसले तरी बसते. चिंध्या जोडते.

भोंग्याला धक्क्यावर लोकांनी मारले तेव्हाही मी काही बोलले नाही.

काल मी कोठडीत त्याला भेटले. त्याचा एक डोळा सुजून बंद आहे. तो म्हणाला, "आता दोघांत मिळून आपले डोळे किती झाले, ताई?" मी त्याला विचारले, "तुला शिवणीचं माहीत आहे ना?" तो म्हणाला, "होडीखाली पहिली सुरी मीच घातली. पट्ट्याला लावली तेव्हा कळलं. सुरीलाही ऐकत नव्हती." मी विचारले, "मग जबाबात का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "काय सांगू? तांडेलाच्या घरावर बोट दाखवू? वहिनी मला शिव्या देऊन दिवस काढतायत. काढू द्या. मला काय, मी सुटेन दोन महिन्यांत." मी म्हणाले, "मूर्ख आहेस. दोन महिन्यांत नाही सुटणार. सहा माणसं गेली आहेत." तो म्हणाला, "मग सहा महिन्यांत." नंतर म्हणाला, "ताई, तुम्ही गप्प बसा. तुम्हाला तिच्याबरोबर राहायचंय."

बाहेर त्याची बायको डबा घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. आमची दोन्ही घरे एकाच गल्लीत आहेत. तिच्या लग्नाचा मांडवही माझ्या वडिलांनी शिडाच्या कापडाचा शिवून दिला होता.

घरी आले तेव्हा भावजयीने माझे पान वाढून ठेवले होते. स्वतः बसली नव्हती. मी जेवले. ती म्हणाली, "आज कुठे गेला होता, वन्सं?" मी म्हणाले, डोळा दाखवायला. ती म्हणाली, "मला सांगायचं ना. मी आले असते हात धरून."

त्यानंतर आज मी इथे आले आहे.

साहेबांनी विचारले की, शिवणीमुळे काय होईल याची भावजयीला कल्पना होती का. अजिबात नव्हती. आजही नाही. छत मजबूत असावे एवढेच तिला माहीत होते. गणवेश, उशी, पिशवी, जगातली कुठलीही वस्तू मजबूत शिवली तर चांगलीच असते. आमची एकच वस्तू तशी नाही. तिने जे केले ते माझी लाज राखण्यासाठी केले. हे माझ्या शब्दांत लिहावे, अशी विनंती आहे.

तिची फिर्याद बदलायची असेल तर तिला ठाण्यात बोलवावे लागेल आणि कारणही सांगावे लागेल, असे साहेब म्हणाले. आजच शिपाई पाठवतो म्हणाले. माझी विनंती आहे की, शिपाई उद्या सकाळी पाठवावा. हे तिला माझ्या तोंडून कळावे. खाकी कपड्यातल्या परक्या माणसाकडून, दारात उभी असताना कळू नये. साहेबांनी ते मान्य केले आहे. भोंग्याला मात्र आजच सोडता येईल का, असे मी विचारले. तो कागद वर जाऊन यायला हवा, असे सांगण्यात आले.

साहेबांनी शेवटी विचारले, तिला काय सांगणार? ते जबाबात लिहायचे असेल तर मला अजून माहीत नाही. तो आत का गेला, हे तिने मला रोज विचारले आहे. बाहेर होता, पोहता येत होते, मग आत का गेला? याचे उत्तर माझ्याकडे आहे आणि ते दिले की बाकीचेही द्यावे लागते.

हवालदारांनी हा मजकूर मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. 'ती शिवण माझ्या भावजयीने मारली आहे' हे वाक्य आले तेव्हा मी त्यांना थांबवले आणि त्या जागी 'घरातल्या कोणी तरी' असे घालता येईल का, असे विचारले. साहेब म्हणाले, घालता येईल, पण मग भोंग्याला सोडता येणार नाही. मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला सांगितले. ते आहे तसे राहू द्यावे. बाकीचे सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे. बारीक अक्षर मला अजून दिसत नाही, म्हणून ऐकून, समजून, जिथे बोट ठेवून दाखवले तिथे सही करते.